एक वाजताचा डबा

लक्ष्मीअक्का गेल्या त्या दिवशी दुपारी एक वाजता, मयत घरात असताना, त्यांच्याच घराच्या पायरीवर बसून मी डबा उघडला आणि जेवलो. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. सकाळपासून त्या घरात कुणी चहासुद्धा घेतला नव्हता. मयत नेऊन, परत येऊन, आंघोळ झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. मी मूळचा नातेपुत्याचा, पेशाने मास्तर, लोकांच्या दुःखात पुढे होऊन उभा राहणारा माणूस. तरी जेवलो. पहिल्या घासाला बांबू कापणाऱ्याचा हात थांबला. दुसऱ्या घासाला आतल्या बायकांच्या रडण्यात खंड पडला... चटणीचा वास आत गेला असावा. तिसऱ्या घासाला अक्कांचा जावई माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, जरा तरी..." मला उत्तर देता आलं नाही, कारण तोंडात घास होता, आणि घास तोंडात असताना बोलायचं नाही ही शिकवण मला आत निजलेल्या बाईंनीच दिली होती.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कांच्या गल्लीत, माझं नाव 'डबावाले मास्तर' असं पडलंय. परवा त्या बाजूला गेलो तर एका म्हातारीने दार उघडून मला बघितलं आणि घाईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकावं. अक्कांविषयी लिहायचं तर माझ्या फजितीवाचून लिहिता येणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

मला न जेवण्याचा आजार होता. 'होता' म्हणताना जीभ अडखळते, पण ते पुढे येईल. ईटिंग डिसऑर्डर हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. असले आजार मोठ्या शहरातल्या, आरशासमोर उभ्या राहणाऱ्या पोरींना होतात, टक्कल पडलेल्या, आठवी-ब ला व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला नव्हे, अशी माझी पक्की समजूत. झालं होतं असं की आई गेली आणि घरातलं समोरचं ताट गेलं. लग्न मी केलेलं नव्हतं. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा यायचा, मग एक वेळ टाळली, मग दुसरी. हळूहळू कंटाळ्याची भीती झाली आणि भीतीचा अभिमान. आपल्याकडे न जेवायला निमित्त शोधावं लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर देतं. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी... मधल्या दिवसांचं मी माझं बघून घेत होतो. शेजारच्या काकू त्यांच्या यजमानांना माझं उदाहरण द्यायच्या. एकदा एका पालकाने तर माझ्या उपासांचं ऐकून मला वाकून नमस्कार केला, आणि मी तो घेतला! पंगतीत बसायची वेळ आली की मी किस्से सुरू करायचो. लोक हसायचे, आणि हसणारा माणूस शेजारच्याच्या ताटात बघत नाही. देवाने दिलेली सगळी विनोदबुद्धी मी या एका कामाला जुंपली होती.

शेवटी एका बक्षीस समारंभात सूत्रसंचालन करताना, "आता प्रमुख पाहुण्यांनी..." एवढं म्हणून मी आडवा झालो. थेट प्रमुख पाहुण्यांच्या पायांवर. त्यांना वाटलं मास्तर पाया पडतायत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी काही उठेना तेव्हा कुठे धावपळ झाली.

तिथून मी होटगी रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी माझे तीन किस्से शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही एकट्या डॉक्टरला गुंडाळाल. तुम्हाला चौघं लागतील." चौघं म्हणजे त्या स्वतः, समुपदेशक निनाद, जेऊरचा, इतका सौम्य की बोलताना खुर्चीचीही परवानगी घेईल असं वाटावं, आहारतज्ज्ञ शबाना, आणि चौथ्या लक्ष्मीअक्का. दर मंगळवारी हे चौघं आणि मी एका टेबलाभोवती बसणार, काय चाललंय ते सगळ्यांसमोर बोलणार, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरंच सांगायची सोय नाही. मी मनात म्हटलं, एका मास्तराला जेवू घालायला चार माणसं... पंगतीला एवढे वाढपी नसतात.

अक्का तिथे मुळात झाडलोट आणि चहापाण्याला होत्या. त्याआधी सारं आयुष्य चादरींच्या कारखान्यात, कडेच्या सुट्या धाग्यांना पीळ देऊन दशा वळण्यात गेलेलं. घर विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी. दवाखान्यातली एक बाई कुणासमोर घास घेत नसे, ती व्हरांड्यात अक्का डबा उघडून बसल्या की त्यांच्याजवळ जाऊन बसे आणि नकळत खाई. डॉक्टरबाईंनी हे हेरलं. अक्कांना काही महिने शिकवलं, काय बोलायचं, काय नाही, आणि त्यांना 'जेवणसोबती' असं नावही दिलं. अक्का म्हणाल्या, "नाव कशाला ओ, मी जेवायला बसते म्हना की."

जेवणाची खोली म्हणजे जुनी एक्सरेची खोली. खिडकी नाही. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि टेबलावर एक सोलापुरी चादर अंथरलेली. विणताना काहीतरी चुकून तिच्यातल्या एका मोराला डोकं आलं नव्हतं, म्हणून ती विकली गेली नाही. अक्का मला नेहमी त्या मोरापाशी बसवायच्या. पहिल्या दिवशी बरोबर एक वाजता त्यांनी स्वतःचा डबा उघडला, माझा माझ्याकडे सरकवला आणि खाली मान घालून जेवायला लागल्या. मी पहिला किस्सा सांगितला. त्या हसल्या. दुसरा सांगितला, त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. तिसरा संपला तेव्हा त्यांचा डबा रिकामा झाला होता आणि माझ्या भाकरीचा कोपरासुद्धा मोडला नव्हता. त्या म्हणाल्या, "मास्तर, गोष्टी झाक हायत. पन आता चौथी जेवल्यावर सांगा. मी हाय की हितंच, मला कुटं जायाचंय?" आणि रिकाम्या डब्यापुढे तशाच बसून राहिल्या. माझ्या भाकरीकडे एकदाही बघितलं नाही. "खा" म्हणाल्या नाहीत, "थोडं तरी" म्हणाल्या नाहीत. वाघाची भीती वाटली तर लोक समजून घेतात. भाकरीची भीती वाटते हे पन्नाशीला आलेल्या माणसाने कुणाला सांगावं? त्या खोलीत ते सांगावं लागलं नाही. बऱ्याच वेळाने मी एक घास मोडला. अक्का डोकं नसलेल्या मोराकडे बघत होत्या.

जेवणानंतर अर्धा तास जागचं उठायचं नाही हा नियम. मनात जे काही वादळ उठतं ते त्या वेळात, आणि तेव्हा माणूस एकटा नसावा, असं निनादने मला समजावलं होतं. अक्कांनी समजावलं वगैरे नाही. त्यांनी चादरीची सुटी टोकं माझ्या हातात दिली आणि दशा वळायला शिकवलं. चार धागे घ्यायचे, मांडीवर पीळ द्यायचा, टोकाला गाठ. एका बाजूच्या दशा त्यांनी वळलेल्या, दुसऱ्या बाजूच्या माझ्या. माझी एक जाड, एक बारीक, एक भलतीकडेच तोंड करून. "मुलांना अक्षर बी असंच शिकिवता का?" एवढंच त्या म्हणायच्या.

मी लगेच सुधारलो असं कुणी समजू नये. शबानाने मला एक वही दिली होती, दवाखान्याबाहेर काय खाल्लं आणि तेव्हा काय वाटलं ते लिहायला. मी मराठीचा मास्तर. कोरं पान बघून माझा संयम सुटला. एका सोमवारच्या पानावर मी अक्कांच्या गल्लीजवळच्या एका खानावळीत जेवल्याचं वर्णन केलं. गरम भाकरीचा पापुद्रा, मेथीवरची लसणाची फोडणी, ताटाच्या कडेला विसावलेली चटणी... मंगळवारी शबानाने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. "क्या बात है सर, कितना अच्छा लिखे!" ती म्हणाली. निनादने नम्रपणे मान डोलावली. डॉक्टरबाईसुद्धा हसल्या. अक्का चहाचा कप पुसत म्हणाल्या, "मास्तर जेवले न्हाईत." त्यांनी कप खाली ठेवला. "सोमवारी ती खानावळ बंद असती. आन ज्यानं खरंच खाल्लं तो एवढं लिहीत न्हाय ओ. तो दोन वळी लिहितो आन झोपतो." माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाची इतकी नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही.

त्या दिवशी मला वाटलं आता माझी शोभा होणार. झाली नाही. डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि विचारलं, "सोमवारी संध्याकाळी घरी कोण होतं?" मी म्हटलं, कुणी नाही. "रविवारी?" कुणी नाही. हसत सांगायला गेलो आणि ते जमलं नाही...

नंतर जेवणाच्या खोलीत अक्कांनी पहिल्यांदा स्वतःचं काही सांगितलं. कारखाना मध्ये काही वर्षं बंद पडला होता, पोरं लहान होती. वाढून झालं की त्या म्हणायच्या, "माझं झालं." रोज. मग पुढे घरात सगळं आलं, तरी जीभ तेच म्हणायची, माझं झालं. भूक लागायचीच बंद झाली. शेजारची एक बाई रोज दुपारी स्वतःचं ताट घेऊन त्यांच्या दारात येऊन बसायला लागली, काही न बोलता. "तिनं मला काय शिकिवलं न्हाय बगा. निस्ती बसायची. मला ताट रिकामं ठिवून तिच्यापुढं बसायची लाज वाटायची." घराघरांत बायका 'माझं झालं' म्हणतात आणि आपण ते खरं मानून ताट सरकवतो, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. माझी आईही म्हणायची.

दोन वर्षं हे चाललं. मधे दोनदा मी घसरलो आणि दोन्ही वेळा चौघांनी मला न ओरडता उचललं. मग एका मंगळवारी डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान. आता आठवड्यातून एकच दिवस या, बाकी घरी जेवा." सगळे खूश. आणि मी पुढच्याच आठवड्यात मुद्दाम बिघडलो. डबा तसाच परत आणायला लागलो. शबाना तक्ता बदलत बसली, निनाद माझं बालपण खणत बसला. अक्कांनी मात्र दशा वळता वळता विचारलं, "मास्तर, तुमाला बरं व्हायचं न्हाय का?" मी म्हटलं, "बरा झालो तर तुम्ही समोर कशाला बसाल?" हे मी विनोद म्हणून म्हणालो होतो. अक्का हसल्या नाहीत. माझ्या हातातली वेडीवाकडी गाठ सोडवून त्यांनी पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "मग रविवारी घरला या. पन हे नाटक बंद."

तेव्हापासून दर रविवारी एक वाजता मी त्यांच्या घरी. अक्का, मी, आणि त्यांचे यजमान. त्यांना सगळी गल्ली नाना म्हणते. नाना जन्मभर मागावर बसलेले, ऐकू कमी येणारे, बोलणं त्याहून कमी. वर्षभरात ते माझ्याशी दहा वाक्यंसुद्धा बोलले नसतील. मी आलो की मान हलवायचे, गेलो की मान हलवायचे. माझ्या एकाही किश्श्यावर ते हसले नाहीत. मी इरेला पडून उत्तमातले उत्तम किस्से त्यांच्यापुढे टाकले, पण मागाच्या आवाजात पन्नास वर्षं काढलेल्या माणसापुढे माझा आवाज तो किती.

मग अक्कांना पोटाचा कॅन्सर निघाला. ज्या बाईने इतक्यांना घास घ्यायला बसवलं तिलाच घास उतरेना. शेवटच्या भेटीत मी धपाटे घेऊन गेलो होतो. त्यांच्यासमोर डबा उघडला आणि मी नको तेच केलं. त्यांच्या ताटलीकडे टक लावून बघत बसलो. त्यांनी एक तुकडा ओठापाशी नेला आणि खाली ठेवला. मी माझा डबा बंद केला आणि मोठ्या भावनेने म्हणालो, "तुम्ही नाही तर मग मीही नाही."

अक्का उठून बसल्या. अंगात उठायचं बळ नव्हतं, तरी बसल्या. "माज्या नावानं उपास धरताय व्हय? इतकी वर्सं मी काय भिंतीपुढं बसले काय? उगडा तो डबा!" मी उघडला. "फोन काडा. एकचा गजर लावा, रोजचा. मी मेले त्या दिवशी बी वाजला पायजे, आन तुमी जेवलं पायजे. मग कोन काय बी म्हनू दे." मी म्हटलं, "लोक मला मारतील अक्का." त्या आडव्या होत म्हणाल्या, "जेवून मार खावा."

त्यांची मुलगी सुजाता हिचा फोन सकाळी दहाला शाळेत आला. मी पिशवीसकट तसाच निघालो. डबा पिशवीत होता. आणि एक वाजता, सगळीकडे दबलेली रड चाललेली असताना, माझ्या खिशातला गजर वाजला... पुढचं तुम्हाला सांगून झालंय.

खरी चूक मी त्यानंतर केली. पायरीवर जेवणं सोपं होतं, समोर शंभर माणसं होती. दुसऱ्या दिवशी घरी गजर वाजला तेव्हा समोर भिंत होती. मी गजर बंद केला. तिसऱ्या दिवशी बंद केला, चौथ्या दिवशी तो वाजायच्या आधीच बंद केला. मंगळवारी टेबलाभोवती चार माणसं आणि एक रिकामी खुर्ची. मी वहीतली कोरी पानं पुढे ठेवली. या वेळी वर्णन केलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "अक्कांची जागा भरायची नाहीये आपल्याला. पण एक वाजता समोर कुणीतरी असेल." मग तिघांनी पाळ्या लावल्या. डॉक्टरबाई एका हाताने फोन घेत जेवायच्या. निनाद प्रत्येक घासाआधी "चालेल ना?" अशा नजरेने बघायचा. शबाना माझ्या डब्याकडे बघायचं नाही म्हणून इतक्या निष्ठेने छताकडे बघायची की एकदा तिने भाजीऐवजी पाण्याच्या पेल्यात भाकरी बुडवली. त्यांच्या जिवावर गाडी पुन्हा थोडी हलली. पण एक्सरेच्या खोलीत मी कधी इतका एकटा नव्हतो.

गेल्या रविवारी सुजाताचा फोन आला. पायरीचा हिशेब चुकता करायला केला असेल असं समजून मी आधीच माफी मागायला लागलो. ती म्हणाली, "ते राहू द्या मास्तर. नाना जेवत नाहीत. विचारलं की 'माझं झालं' म्हणतात. अक्का तुमच्यासोबत काय करायची ते तुम्हालाच माहितीय."

मी दवाखान्यातून चादर मागून घेतली, डबा भरला आणि गेलो. सुजाताने नानांचं ताट वाढलं आणि ती आत गेली. मी मधे चादर अंथरली. नानांनी ताट बाजूला सारलं आणि चादरीच्या कडेवरून बोटं फिरवली, एकेक दशा मोजल्यासारखी. "हे तिचं," ते म्हणाले. मग दुसरी कड ओढली. तिथे बोटं थांबत गेली, प्रत्येक गाठीपाशी. वर बघून त्यांनी मला न्याहाळलं, आणि विणकर माणूस असूनही काही बोलले नाहीत. ही त्यांची माया.

एकचा गजर वाजला. नाना हलले नाहीत. मीही हललो नाही. समोर ते ताट, समोर तो म्हातारा माणूस, अक्कांची जागा रिकामी... माझा हात भाकरीकडे जाईना. मग मी काय केलं? किस्सा सुरू केला. प्रमुख पाहुण्यांच्या पाया पडल्याचा, मग खानावळीचा. नानांसाठी सांगतोय असं मला वाटत होतं. दुसरा संपवून तिसऱ्याला हात घातला तेव्हा नानांनी सावकाश भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. नीट चावून गिळला. पाणी प्यायले. आणि वर्षभरातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले.

"मास्तर, माजी बायको आत पडली होती तवा माज्याच पायरीवर बसून डबा पुसून खाल्लात, आन आज मी जिता समोर बसलोय तर नुसत्या गोष्टी सांगायलात व्हय?"